तिसरा गज

पुस्तकाची पानं लावणं हा माझा धंदा आणि लोकांच्या खोड्या काढणं हा छंद. दोन्ही एकाच टेबलावर चालतं. कवी लोक प्रूफ न वाचताच सही ठोकतात, हे तीस वर्षांत मला चांगलं कळलंय. म्हणून पहिल्या प्रुफात मी माझी एक खोटी ओळ घुसडतो. पकडली तर चहा माझ्याकडून. सुटली तर फोन करून मनसोक्त टर उडवतो आणि मग ओळ काढून टाकतो. छापखान्यात मला काडीमास्तर म्हणतात ते उगाच नाही.

दुसरी खोडी गाठीची. प्रुफांचा गठ्ठा मी लाल दोऱ्याने बांधतो. गाठ माझी स्वतःची, शाळेत मागच्या बाकावर बसून शोधलेली. बाहेर दिसणारी दोन्ही टोकं फसवी, ओढाल तितकी आवळते. खरं टोक गाठीच्या पोटात असतं, नखाने उचकटावं लागतं. परवापरवापर्यंत ती कुणाला सुटली नव्हती. मोठमोठे विद्वान शेवटी दाताने तोडतात आणि मी समोर गंभीर चेहरा करून बसतो.

ताई प्रुफं न्यायला आल्या तेव्हाही मी असाच बसलो होतो. साठीच्या पुढच्या, डोक्याला घट्ट रुमाल. कविता लिहिणारी बाई, सगळ्या कविता एकाच घराच्या. लहानपणीच्या दोन खोल्या, अरुंद जिना, रस्त्यावरची खिडकी. त्यांनी गठ्ठा हातात घेतला, माझ्याशी बोलता बोलता गाठीच्या पोटात नख घातलं आणि ती सोडली. खालीसुद्धा बघितलं नाही.

माझा चेहरा पडला. पण काडी आत होती, त्यामुळे जीव थंड होता. खिडकीच्या कवितेत मी लिहिलं होतं: ‘तिसरा गज हाताने फिरतो, हे फक्त मला ठाऊक.’

चार दिवसांनी प्रुफं परत आली. वेलांट्या, स्वल्पविराम, सगळं बारकाईने तपासलेलं. माझ्या ओळीला हात नाही. उलट समासात पेन्सिलीने बरोबरची खूण.

मी खुशीत प्रकाशनवाल्या बाईंना फोन लावला. त्या हसल्या नाहीत. ताईंच्या डोक्याचं ऑपरेशन झालंय, म्हणाल्या. आठवणींना मधे मधे भोकं पडलीत. पुस्तकाला परवानगी देताना ताईंनी एकच अट घातली आहे, आत एक जरी गोष्ट खोटी निघाली तर पुस्तक नको. डोक्यावर भरवसा नसेल तर पुढे लिहायचंही नाही.

फोन ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या.

गुपचूप ओळ काढता आली असती. पण ती खूण डोळ्यांसमोरून हलेना. संध्याकाळी ताईंच्या घरी गेलो आणि सगळं ओकलो. त्या ओरडतील, निदान रडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त पेन्सिल खाली ठेवली.

“पण मला तो गज आठवतो,” त्या म्हणाल्या.

“ताई, तो मी बनवलाय. टेबलावर, वडा खाता खाता.”

“असेल. पण हाताला आठवतो.” त्या तळहाताकडे बघत राहिल्या. “उद्या जाऊन बघू. नाही फिरला तर तुमचे कष्ट वाचले.”

दुसऱ्या दिवशी अकराच्या बसने निघालो. वाटेत त्यांनी सांगितलं की आई हाक काय मारायची, ते गेलंय. नावाने नाही, दुसरंच काहीतरी म्हणायची. आई जाऊन चाळीस वर्षं झाली, दुसरं कुणी सांगणारं नाही. घर सोडलं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. मी मनात हिशोब केला. मी जन्मायला अजून तीन वर्षं होती.

त्या भागात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं, हे आत्ताच सांगून ठेवतो.

खोल्यांमध्ये आता शिंप्याचं दुकान होतं. शिंपी भला पण संशयी. घरावर हक्क सांगायला आलात का, असं त्याने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायच्या आत मी त्याला दोन पँटची ऑर्डर दिली. मग तो मऊ झाला. खिडकी कापडाच्या कपाटामागे होती. वीस वर्षांत कपाट हललं नव्हतं, हे त्यानेच सांगितलं. तिघांनी ढकललं. मागे धूळ, जळमटं आणि पाच गज, हिरव्या रंगाच्या जाड थरांखाली.

तिसरा धरला. हलेना.

ताईंनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मग जिन्याकडे वळल्या.

“थांबा,” मी म्हणालो. शिंप्याची मोठी कात्री घेतली, तिच्या मुठीने गजाच्या बुडाशी ठोकलं. रंगाचा पापुद्रा उडाला. पुन्हा ठोकलं. मग दोन्ही हातांनी पिळला.

गज फिरला.

फिरताना चिवचिवला. अगदी चिमणीसारखा, बारीक, दोनदा.

ताई जिन्याच्या तोंडाशी थांबल्या होत्या. पाठमोऱ्या.

“चिमणे, गज सोड,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटला नाही. मग वळल्या तेव्हा गाल ओले होते, आणि हसत होत्या. “चिमणी म्हणायची मला. या आवाजावरून.”

शिंप्याने मुकाट्याने स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत. खिडकीशी येऊन गज फिरवत राहिल्या, एखाद्या पोरीसारख्या. पुस्तक छापा, म्हणाल्या. ओळ तशीच राहू दे.

“ओळ माझी आहे ताई.”

“ओळ तुमची. गज माझा.”

तेवढ्यात त्यांचं बोट वर थांबलं. गजाच्या वरच्या टोकाला रंगाचा एक गोळा होता, बोराएवढा. त्यांनी नखाने खरवडला. हिरवा थर निघाला, त्याखाली पिवळा, त्याखाली पांढरा. सगळ्यात आत दोरा होता. लाल.

दोन टोकं बाहेर होती. मी ती ओढून बघितली नाही. गरजच नव्हती.

ताईंनी पोटात नख घातलं आणि गाठ सोडली.

“आठवतंय हळूहळू सगळं,” त्या म्हणाल्या. सुटलेला दोरा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला, माझी बोटं त्यावर मिटली आणि तशीच धरून ठेवली. “ही गाठ सोडायला मला कुणी शिकवलं, तेवढंच राहिलंय. तू घाई करू नकोस. तेही आठवेल.”