पाच हजार फुटांवरची रिकामी पायरी

पाच हजार फुटांची पायरी रिकामी ठेवायची, आणि का ते विचारायचं नाही. विमानांना रेडिओवरून वाट दाखवणाऱ्या आमच्या कंट्रोलच्या खोलीत खुर्चीवर बसण्याआधी तोंडी एवढंच सांगतात. बाकीचं सगळं पुस्तकात असतं.

विमानतळावर गर्दी झाली की विमानांचीही रांग लागते. पण विमान काही रांगेत उभं राहू शकत नाही. ते घिरट्या घालतं. एकावर एक, हजार हजार फुटांच्या अंतराने, जिन्याच्या पायऱ्यांसारखी विमानं फिरत राहतात. सगळ्यात खालचं, चार हजारांवरचं, धावपट्टीकडे निघालं की वरची विमानं एकेक पायरी खाली येतात. फक्त सहा हजारांवरच्याला आम्ही थेट चारवर आणायचो. पाचवर कुणी नाही. नियमाचं शेपूट असं, की रेडिओवर कुणी स्वतःचं नाव न सांगता नुसतं ‘आमचा नंबर कितवा?’ असं विचारलं, तर म्हणायचं, ‘दुसरा.’ बास.

दोन वर्षांत तो प्रश्न मी ऐकला नव्हता, कारण धुक्याच्या दिवशी मला खुर्चीवर बसूच देत नसत.

कारण विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, “कॉलेजात गप्प बसायला शिकवलं नाही वाटतं?” मास्तर म्हणजे आमच्या पाळीचे प्रमुख, निम्मी खोली त्यांच्याच हाताखाली शिकलेली.

“तो धडा मी ऑप्शनला टाकला होता.”

शेजारच्या खुर्चीवरची माझी आत्या हसली नाही. या नोकरीची परीक्षा द्यायला मला तिनेच लावलं होतं, पण या एका विषयावर ती घरीसुद्धा तोंड उघडत नसे.

त्या सोमवारी नवी यंत्रणा सुरू झाली. विमान कुठे आहे हे उपग्रहावरून वीतभर अंतरापर्यंत सांगणारी, रांग स्वतःच लावणारी. आता वाट पाहणं संपलं, असं वरून पत्र आलं होतं. त्या पत्राच्या भरवशावर आधीच्या महिन्याभरात चाळीस उड्डाणं वाढवली होती. धावपट्टी मात्र एकच. यंत्रणेचं प्रशिक्षण फक्त मी घेतलं होतं, म्हणून सकाळी नऊला, बाहेर दाट धुकं असताना, मास्तरांना मला खुर्ची द्यावीच लागली.

“यंत्राला तुमचा नियम कुणी सांगितलेला नाही,” मी म्हणाले. “बघा आता पाचवर कोण येतं ते.”

आमच्या खोलीला खिडकी नाही. पडद्यांचा हिरवट उजेड, थंड हवेची घरघर, शिळ्या कॉफीचा वास. बाहेर अकरा विमानं फिरत होती. यंत्रणेने रांग लावली. चार हजार. सहा हजार. सात...

पाच तिने सोडलं होतं.

मी पुन्हा रांग लावायला सांगितली. पुन्हा तेच. मग त्या रिकाम्या जागी एक ओळ हळूहळू उमटली. विमानाचं नाव नाही, कंपनी नाही. उंची पाच हजार फूट. शेवटच्या रकान्यात ही यंत्रणा उरलेलं इंधन मिनिटांत दाखवते. तिथे आकडा होता, अकरा.

खोलीत विमानाच्या इंधनाचा वास आला. उग्र, घशाला लागणारा. बंद खोलीत, धावपट्टीपासून इतक्या लांब.

“कंट्रोल...” कानात आवाज आला. बाईचा. थकलेला, पण अगदी शांत. “आमचा नंबर कितवा?”

मास्तर माझ्यामागे येऊन उभे होते. स्पीकर त्यांनीच चालू केला.

“सांग. दुसरा.”

“कोण आहे ही?”

“आधी सांग.”

मी बटणावरून बोट काढलं. “आधी तुम्ही सांगा.”

ते पडद्याकडे बघत म्हणाले, “बावीस वर्षांपूर्वी असंच धुकं होतं. मी होतो खुर्चीवर. पाच हजारांवरचा वैमानिक इंधन कमी आहे म्हणाला. तीनदा म्हणाला. पण ‘आणीबाणी’ हा शब्द काही त्याने उच्चारला नाही. तो शब्द आल्याशिवाय रांग मोडता येत नाही... मी शब्दाची वाट पाहिली. इंधन त्याआधी संपलं.”

“तुम्हाला कळलं होतं.”

“कळलं होतं.”

“पण तो पुरुष होता. ही बाई आहे.”

मास्तरांनी आत्याकडे पाहिलं. आत्या स्वतःच्या हातांकडे बघत बोलली. “सहा वर्षं, धुकं पडलं की तो विचारायचा. आम्ही म्हणायचो, दुसरा. मग एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, पहिला, या खाली. तो धन्यवाद म्हणाला. पुन्हा कधी आला नाही.”

“मग?”

“तेव्हा खरोखर पहिल्या नंबरवर होतं ना, ते विमान धावपट्टीवर पोचलंच नाही. आग नाही, तुकडा नाही... काहीच सापडलं नाही. एकतीस माणसं होती. ही त्यांची वैमानिक.”

मी पडद्याकडे पाहिलं. चार हजारांवर, पहिल्या नंबरवर, एकशे चाळीस प्रवासी होते.

“कंट्रोल... आमचा नंबर?”

आत्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “म्हण बाळा, दुसरा. एवढं ऐकलं की ती गप्प होते. तिला सवय झालीये.”

“सवय तिला नाही, तुम्हाला झालीये.”

हात झटकून मी टेबलावरचा जुना, हातात धरायचा माइक त्या दोघांच्या मध्ये सरकवला.

“पहिला मी म्हणणार नाही. खालच्या एकशे चाळीस जणांनी कुणाचं काही बिघडवलेलं नाही. आणि दुसराही म्हणणार नाही. सोळा वर्षं तिला खोटं सांगितलंत, आता खरंही तुम्हीच सांगा. उतरायला जागा नाही म्हणावं. कधीच नव्हती.”

मास्तरांनी माइककडे पाहिलं. आत्यानेही पाहिलं. एकाचाही हात पुढे झाला नाही.

“कंट्रोल...” स्पीकर खरखरला. त्या आवाजामागे आता आणखी माणसं बोलत होती, खालच्या स्वरात, एकमेकांना काहीतरी विचारत. “तिथे... कुणी आहे का?”



पडद्यावर इंधनाच्या रकान्यात अकराचे दहा झाले.