पेपर उचलला होता तरी

"पेपरवाला आला त पेपर घेजो अन् दार लोटजो, सरला. तो पोट्टा नुसता टाकून जात नाही, उभा राहून विचारपूस करते."

सौंसरला वच्छलामावशीकडे राहायला गेले त्याच आठवड्यात तिनं मला हे बजावलं होतं. मी हसले. बी.ए. झालेली मुलगी मी, शाळेतल्या जागेची वाट पाहत बसलेली... पेपरवाल्याला काय भ्यायचं?

मावशी दवाखान्यात नर्स, दिवसभर घराबाहेर. त्या गुरुवारी मी केस धुऊन अंगणात उन्हात बसले होते आणि दाराची कडी वाजली. दारात एक शिडशिडीत मुलगा, काखेत थोडे उरलेले अंक, बोटं शाईनं काळी.

"सगळं बरं आहे न घरी?"

"बरं आहे. काहून?"

"पेपर सकाळपासून पायरीवर पडून आहे."

"पडू द्या. तुमच्या पेपरात ताजं काय असते?"

"काही नसते," तो मान्य करून मोकळा झाला. "पण तुम्ही ताज्या दिसून राहिल्या... म्हणजे — बऱ्या. तब्येतीनं बऱ्या."

तो कानापर्यंत लाल झाला आणि निघून गेला. चौकटीवर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा राहिला. मावशी येण्याआधी मी तो पुसायला घेतला, आणि... पुसला नाही.

त्याचं नाव श्रीधर. पांढुर्ण्याला भैय्याजींच्या छापखान्यात 'जामतीर' नावाचं साप्ताहिक निघायचं. बातम्या श्रीधरच लिहायचा, अक्षरांचे खिळे जुळवायचा, छापायचा आणि गुरुवारी पहिल्या बसनं सौंसरला आणून वाटायचाही. दुपारी परतीच्या बसला जाताना पुन्हा त्याच गल्ल्यांतून जायचा. कोणाच्या पायरीवर पेपर तसाच दिसला, की कडी वाजवायची — हा त्याचा नेम. कधीतरी मूळचे रामाकोन्याचे, इथं एकटे राहणारे एक मास्तर तापानं पडून होते आणि न उचललेल्या पेपरावरूनच ते कळलं होतं, तेव्हापासूनचा.

पुढच्या गुरुवारी मी पाहिलं — समोरच्या कलाबाईचा पेपर पायरीवर आणि कलाबाई खिडकीच्या फटीआड उभी! म्हातारी एकटी. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती पेपर घ्यायची. कडी वाजली तशी ती कण्हत आली, "कोन व्हय रे?" आणि मग श्रीधर पायरीवर बसून तिला संत्र्याचे भाव वाचून दाखवत राहिला.

त्यानंतर माझाही पेपर पायरीवर पडून राहू लागला.

"आज पुन्हा पडून?" तो विचारायचा.

"कामात होती."

"कोणतं काम?"

"तुम्हाले काय करायचं आहे? वाटा तुमचे पेपर."

तो हसायचा आणि मी दिवसभर गोंधळायची. कारण कडी तर तो सगळ्यांचीच वाजवायचा! माझ्या दारावरची आणि कलाबाईच्या दारावरची... त्यात फरक कसा ओळखायचा? मी कान देऊन ऐकायची. दोन्ही अगदी सारख्याच वाटायच्या.

मग शेजारच्या रघुनाथरावांच्या गच्चीवर टीव्हीचा अँटेना उभा राहिला. अर्धी गल्ली संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर. "दिल्लीची बातमी आजच्या आज दिसून राहिली, तुझा पेपर कोन वाचते?" असं म्हणत लोकांनी 'जामतीर' घेणं बंद केलं. आणि एका अंकात, संत्र्यांच्या भावाखाली, चौकट होती — पुढील अंक शेवटचा.

मला ते छापील वाचून कळलं! दर गुरुवारी दारात उभा राहणाऱ्या माणसाला तोंडानं सांगता आलं नाही?

शेवटच्या गुरुवारी पेपर पायरीवर पडला तसा मी उचलला आणि दार लोटून घेतलं. जाऊ दे. आता वाजवायला कारणच नाही.

दुपारी कडी वाजली.

मी दार उघडलं. "पेपर उचलला मी."

"पाहिलं."

"मंग काहून वाजवलं?"

तो चौकटीवरचा आपलाच ठसा पाहत राहिला. "आज विचारपूस नाही करून राहिलो... आज मलेच बरं नाही वाटून राहिलं, सरला."

माझ्या हातातला अंक चुरगळला.

"नागपूरले एका मोठ्या पेपरात काम भेटलं," तो म्हणाला. "तिथं मी कोणाचं दार वाजवू?"

मी म्हटलं, "मावशी संध्याकाळी घरी असते. तिच्यासमोर येऊन वाजवा." मग घाईनं — "आधी कलाबाईकडे जा. पेपर पडून आहे तिचा."

"माहीत आहे. ती मुद्दाम उचलत नाही," तो पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहून हसला. "तुम्ही कोणाकडून शिकल्या, तेही माहीत आहे."

त्या संध्याकाळी कडी मावशीनंच उघडली. त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी सांगतलं होतं हिले. ये, बस."

आता आम्ही नागपूरला. श्रीधर घरी येतो तेव्हा त्याचे हात स्वच्छ असतात. अक्षरं आता कॉम्प्युटरच्या पडद्यावर जुळतात म्हणतो, पेपर कोणाच्या दारात पडतो ते ठाऊक नसतं. मुलगी मांडीवर खोकते, मी तिचं कपाळ चाचपत खिडकीतून समोरच्या पायऱ्या पाहत बसते. सुखी आहे मी. मग हे काय आहे, मलाच कळत नाही. मी त्याला मिळवलं, की कोणाच्या दारावरून आणलं?

कलाबाईला पत्र टाकलं होतं. पण तिला वाचता येत नाही, आणि वाचून दाखवणारा माझ्या घरात आहे. मावशीचीही बदली लोधीखेड्याला झाली. बाळाचा खोकला बरा झाला की आम्ही जाणारच आहोत, पण तोवर...

तुम्ही सौंसरला उतरलात तर दवाखान्यामागच्या गल्लीत जाल का? कलाबाईच्या निळ्या दाराची कडी वाजवा. ती लगेच उघडणार नाही, खिडकीच्या फटीतून पाहत राहील. परतू नका. पुन्हा वाजवा.