शालनआत्याचा मान

"हात दे गं वल्लरी! लग्नघरात रिकामे हात बरे दिसतात का?" कासारीण विमलाबाईंनी हसत तिचं मनगट धरलं मात्र... पोर किंचाळलीच! बाही वर सरकली. मनगटावर चार बोटांचे काळेनिळे वळ!

शालनआत्या धावत आली. वहिनी गेल्यावर ठरलेलं लग्न मोडून तिने भावाची ही पोर वाढवली होती. आणि 'त्या वर्गातल्या सलिलचे फोन जरा कमी कर' एवढंच म्हटलं, तर तीन महिने पोरीने तिच्याशी अबोला धरला होता.

"सलिलने केलं?"

वल्लरी ओक्साबोक्शी रडू लागली. "दुसऱ्या कुणाशी बोलले की तो असंच करतो गं... आणि वर्गातल्या मुली म्हणतात, पझेसिव्ह आहे म्हणजे खरं प्रेम! ब्रेकअप केलं तर मला ग्रुपमधून काढतील. आज हळदीला सगळ्यांबरोबर तोही येणारे... तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

"अगं वेडे, आत्याला सांगायला तोंड कसलं बघायचं!"

वल्लरीचा बाप, आनंददादा, मात्र दारातच घुटमळला. "शालन, घर पाहुण्यांनी भरलंय. बोभाटा नको. दोन दिवसांनी बघू."

पहिली हळद शालनआत्यानेच लावायची, असा हट्ट नवऱ्यामुलाने, वल्लरीच्या थोरल्या भावाने स्वानंदने, धरला होता. बिनलग्नाच्या बाईला हा मान देतं कोण हो? उभ्या जन्मात एकदाच चालून आलेला... तरी तिने चपला घातल्याच.

"दादा, हळद कुणीही लावेल. तो मुलगा आज आपल्या दारात येता कामा नये."

डोंबिवलीतल्या वल्लरीच्या शाळेत मुख्याध्यापिकांसमोर शालन नुसती शेजारी बसली. वल्लरीच बोलली, अडखळत, हुंदके गिळत, पण पहिल्या थपडेपासून सगळं! बाईंनी तिथल्या तिथे सलिलच्या आईवडिलांना बोलावून घेतलं, आणि तो वल्लरीच्या घराकडे फिरकणार नाही असं त्यांच्याकडून लिहून घेतलं.

बाहेर फाटकाशी आनंददादा उभा! नवा सदरा घामाने भिजलेला.

"स्वानंद पाटावर बसायलाच तयार नाही. आत्या आल्याशिवाय हळद नाही म्हणतो..." त्याने हात जोडले. "माझं चुकलं गं, शालन. लोकांना भ्यायलो मी!"

"पुरे दादा, पाहुणे खोळंबलेत," ती म्हणाली, पण डोळे कुठे ऐकतात!

रिक्षा थांबली. आनंददादा मागे चढू लागला, तोच वल्लरीने त्याला अडवलं.

"बाबा, तुम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसा ना. मला आत्याच्या मांडीवर डोकं ठेवायचंय."