शंभराला एक जास्त

लाइट येईपर्यंत बसा. मोबाईल खिशात घाला, बॅटरी संपेल. सांगतो ते माझ्यासमोर नाही घडलं, पण माझ्या कानावर घडलंय. फोन माझ्याच हातात होता.

आपल्या मल्हारीची मनाली, सातपूरला टूलरूममध्ये कामाला. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत तिने स्वतः जोडलेलं सीएनसी राऊटर. कॉम्प्युटर सांगेल त्या रेघेवरून लाकूड कोरणारं मशीन. वस्तीच्या अभ्यासिकेची पाटी तिने अंगावर घेतली. सागाच्या फळीत खाच कोरायची आणि त्यात 'अभ्यासिका' हा पितळी शब्द बसवायचा. मीटरभर लांब, शिरोरेघेने जोडलेला, एकच अखंड तुकडा. "पोरीचं काम आहे का हे? सुताराला द्या," असं भर मीटिंगमध्ये म्हणणारे महाभाग होतेच.

चौदा डिसेंबर दोन हजार तेवीस, गुरुवार. सकाळी दहाला पाटी लागणार, आणि आदल्या रात्री पावणेएकला मला हिचा फोन.

"काका, 'अ' बरोबर येतोय. पुढे सरकत जातंय. शेवटचा 'का' सेंटिमीटरभर बाहेर. दोन फळ्या वाया गेल्या. आता एकच उरलीय."

म्हटलं, बेल्ट ढिला असेल. तिने ताणला. पुलीचा स्क्रू बघ म्हटलं. घट्ट होता. मग फळी न लावता नुसतं चालवून पट्टीने मोजलं. हजार मिलिमीटर सांगितले तर मशीन जातंय एक हजार दहा. कॉम्प्युटरला आकडा कमी करून दिला... तरी एक हजार दहा.

"प्लग काढ," मी म्हटलं.

"काढला."

मग पुन्हा तीच.

"काका... चाललंय."

"काय?"

"प्लग माझ्या हातात आहे. मशीनचं डोकं सरकतंय... हळू... थांबलं."

"कुठे?"

"एक हजार दहा."

हा आकडा माझ्या ओळखीचा. फाउंड्रीत तीस वर्षं काढली मी. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून वाळूत दाबायचा लाकडी साचा मुद्दाम मोठा करायचा. शंभराला एक जास्त. हजाराला दहा.

"पोरी, मशीनखालचं टेबल कुठलं?"

"भंगारातलं. बंद पडलेल्या फाउंड्रीचं."

"कडेला काही कोरलंय?"

"थांबा... गोटीराम."

गोटीराम आमचा साचेवाला. हाताला सोनं, पण म्हातारा महाहट्टी. काही करायला सांगा, हा शंभराला एक जास्त सोडणारच. मरून चार वर्षं झाली होती त्याला.

"मनाली, बंद कर. अगरबत्ती लाव, सकाळी बघू."

"अगरबत्ती नाही लावणार. भीती वाटतेय काका, खोटं नाही बोलत. पण पाटी उद्याच लागणार."

तिने फोन टेबलावर ठेवला. आवाज चढा होता.

"गोटीराम बाबा, तुमच्या कामाला जयभीम. पण हे ओतकाम नाही. लाकूड आहे, लाकूडच राहणार. हे आकसणार नाही आणि मी पण नाही. मशीन माझं, माप माझं. व्हा बाजूला!"

...

प्लग परत खोचल्याचं खट्ट ऐकू आलं.

...

मग मशीनचा आवाज सुरू झाला. अर्धा तास मी अंधारात फोन कानाला लावून बसलेलो. आवाज थांबला.

"काका! हजाराला हजार!"

खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

सकाळी सगळी वस्ती जमली. ते महाभागही पुढेच उभे. पितळ बसवायच्या आधी मी सहज खाचेत बोट फिरवलं. कड आत किंचित उतरती लागली. तिच्या मशीनचं बिट, म्हणजे कापणारं पातं, सरळ उभं, ते कड उभीच कापतं. असा ढाळ साचेवाला देतो, साचा वाळूतून अलगद निघावा म्हणून. पटाशीने, हाताने.

मी मनालीकडे बघितलं. तिनेही बोट फिरवलं.

"माप माझंच आहे ना, काका? मग राहू द्या," म्हणाली, आणि शब्द दाबून बसवला.

मी नंतर मल्हारीला विचारलं. त्यांच्या घरात पटाशी नाही.