उकंड्याची ढकलगाडी

नांदुऱ्याच्या बाजारात शालू काही प्रेमात पडायला आली नव्हती. ती आली होती डिंक, खारीक आणि गूळ घ्यायला. थोरली बहीण आशाबाई नुकतीच बाळंत झाली होती. आई नसल्यामुळे तिच्या मदतीला शालू दुसरबीडहून, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाहून आली, आणि आल्या दिवसापासून बहिणीचं मोठं पोर तिच्या कडेवर चढून बसलं. ते उतरायचं नावच घेईना.

त्या पोराचं नाव उकंडा. आशाबाईची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली होती, म्हणून याला उकिरड्याचं नाव दिलं, की यमानेही नाक मुरडून पुढे जावं. त्याला गोड म्हणायचं नाही, गालाला काजळाचा ठिपका हवाच, आणि झोपला की चारचौघांत त्याचं तोंड उघडं ठेवायचं नाही, असे आशाबाईचे नियम. शालूचे नियम वेगळे. बुलढाण्याच्या मुलींच्या शाळेत ती आरोग्याचे धडे शिकली होती आणि उकंड्याचे हात इतक्या वेळा धुवायची, की पोर पाण्याचा तांब्या दिसला की आपणच हात पुढे करायचं.

वामनरावांचं दुकान म्हणजे एक लांबच लांब ओसरी. एका टोकाला गूळ, दुसऱ्या टोकाला मिरची, मधे डाळी, मीठ आणि तेल. गिऱ्हाइकाने फिरत फिरत माल घ्यावा म्हणून वामनरावांचा पुतण्या अर्जुन याने एक युक्ती काढली होती. घासलेटच्या डब्यांचं लाकडी खोकं चार चाकांच्या पाटावर ठेवायचं आणि ढकलत न्यायचं. खोकं नुसतं ठेवलेलं असे. खरेदी संपली की ते मालासकट उचलून गिऱ्हाइकाच्या बैलगाडीत चढवायचं, पुढच्या बाजारी त्याने रिकामं आणून द्यायचं. असलं दुकान नागपूरलाही नाही, असं वामनराव सांगत. ते नागपूरला कधी गेले नव्हते.

बायांना या ढकलगाडीचा भलताच उपयोग सापडला. त्यांनी तिच्यात लेकरं बसवली. शालूचीही कंबर दुखत होती, तिनेही उकंड्याला बसवलं. उकंड्याने आधी खोक्याची कड दातांनी चाचपली, मग चवीने चाटली... आणि अशी किंकाळी फोडली की बाहेर कापसाच्या गाड्यांचे बैल बिथरले.

“कोनाची हाये ही गाडी?” शालूने विचारलं.

“माही,” तेलाच्या डब्यांमागून एक उंच तरुण पुढे आला. “काय झालं?”

“तोंड भाजलं लेकराचं. मिरच्या नेता हिच्यातून, अन् त्यातच लेकरं बसवता?”

“मी नाई बसवत जी. बाया बसवतात.”

“अन् तुमी पाहत राह्यता.”

अर्जुन धावत मागच्या घरात गेला आणि दह्याची वाटी घेऊन आला. बोट बुडवून ते उकंड्याच्या जिभेला लावणार, तोच शालूने त्याचं मनगट धरलं.

“आधी हात धुवा.”

त्याने हात धुतले आणि शाळेतल्या पोरासारखे दोन्ही बाजूंनी दाखवले. “आता?”

“नखं.”

नखंही दाखवली. शालूला हसू आलं, ते तिने पदरात दाबलं. पण अर्जुनने पाहायचं ते पाहिलंच. आपण परक्या माणसाचं मनगट अजून धरून ठेवलंय हे तिच्या तेव्हा लक्षात आलं, आणि तिने ते असं सोडलं की वाटी सांडली.

जाताना ती बजावून गेली, “मिरचीची गाडी येगळी करा. लेकराची येगळी. सोड्याच्या पान्यानं धुवा, उन्हात वाळवा. अन् बांधाले काहीतरी लावा. उभं राहून डोक्यावर पडलं एखादं, तर काय करसान?”

“अजून काही?”

“सुचलं की सांगतो,” शालू म्हणाली.

मागच्या दाराशी अर्जुनची काकू सुभद्राबाई उभी होती. तिने हे सगळं ऐकलं आणि पुतण्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

पुढच्या बाजारी शालू आली, तर ओसरीवर एक नवी ढकलगाडी उभी. खोकं घासून पांढरं केलेलं, कडेला रंधा मारलेला, तळाशी घडी घातलेली गोधडी, आणि बाजेच्या नवारीचा एक रुंद पट्टा, कमरेला बांधायला. शालूने बोट फिरवून वास घेतला. मिरची नाही, घासलेट नाही. नुसता उन्हाचा वास.

“कोनं धुतली?”

अर्जुनने हात पुढे केले. सोड्याने तळव्यांची सालं निघाली होती.

शालूला एकदम वाईट वाटलं. “खोबऱ्याचं तेल लावाव ना जी,” ती हळूच म्हणाली.

“लावलं असतं. पन मंग तुमी म्हनल्या असत्या, तेलाच्या हातानं गाडीले हात काऊन लावता.”

आता मात्र हसू पदरात मावलं नाही.

मग बाजाराचा दिवस कधी येतो याची वाट शालू पाहायला लागली, आणि आशाबाईच्या घरातला गूळ फारच लवकर संपायला लागला. गाडी इतर बायांनाही हवी असायची. अर्जुन ती द्यायचाही, पण शालू दिसली की गाडी धुऊन पुसून तिच्यापुढे हजर. सुचलं की शालू सांगायचीच. चाकाला आडवं लाकूड लावा, उतारावर गाडी पळते. गोधडी दर वेळी बदला. तो सगळं करायचा आणि वर विचारायचा, “अजून काही?” त्या दोन शब्दांत काय काय होतं, ते दोघांनाही कळत होतं... पण बोलायचं कुणी?

आशाबाई हिंडूफिरू लागली. शालूचे वडील रामराव तिला न्यायला येणार असा निरोप आला. निरोपात आणखीही होतं, देऊळगावाकडचं एक स्थळ सांगून आलंय. दुसरबीडला एकदा गेलं की नांदुरा पुन्हा कुठलं दिसायला. म्हणून त्या शेवटच्या बाजारी शालू दुकानात आली, ती एकच मनात धरून. आज हा माणूस बोलला तर बोलला, नाहीतर संपलं.

उकंडा गाडीत बसल्या बसल्या झोपला. शालूने पट्टा घट्ट केला. माशा घोंगावत होत्या, चारचौघांची नजर होती. आशाबाईचा नियम आणि आरोग्याचा धडा निदान या बाबतीत एक होते.

“झाकाले काही देता का?”

अर्जुनने खांद्यावरचं धुतलेलं उपरणं दिलं. शालूने ते खोक्यावर पसरलं, हवेला एक कोपरा मोकळा ठेवला, आणि गाडी खांबाशी लावून दोघं गुळाच्या ढेपांपाशी उभी राहिली.

“मी परवा चालली,” ती म्हणाली.

“समजलं.”

“गाडीले ऊन देत जा.”

“देईन.” अर्जुन ढेपेवरची एक काडी उचलून मोडत राहिला. “मी काय म्हनतो... म्हंजे, तुमाले वाटन, हा असा काऊन...”

“बोला ना.”

“तुमी गेल्यावर मले... हे सांगाले कोन राहीन, की...”

वाक्य काही पुरं होईना. शालूही डोळे खाली घालून वाट पाहत राहिली. अख्ख्या बाजाराचा गलबला त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. शेवटी तीच म्हणाली, “उकंडा उठला असन,” आणि गाडीपाशी येऊन तिने कापड उचललं.

आत तुरीची डाळ होती. डाळीवर गुळाची भेली.

शालू दोन्ही हातांनी डाळ उपसू लागली. अर्जुनने पाहिलं, ही शेजारची गाडी होती, कापडही त्याचं उपरणं नव्हतं, आणि पलीकडे चाकांचा पाट तेवढा रिकामा उभा होता. त्याने हमाल पुंजाजीला हाक मारली.

“इथलं झाकलेलं खोकं कुठी हाये?”

“अंबूबाईचं? वडनेरवालीचं? चढवलं ना गाडीत. मी अन् गाडीवानानं उचललं. डाळ सांगतली होती, वजनही डाळीएवढंच...” पुंजाजीने शालूकडे पाहिलं आणि तो बैल आणायला धावला.

आशाबाईची दोन गेली होती. हे तिसरं शालूच्या हातून... ती पुढचा विचारच करेना. अर्जुनने दुकानाची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपली तेव्हा ती न विचारता चढून बसली. दमणी हलणार, तोच सुभद्राबाई लगबगीने आली.

“मीबी येतो. गावाले बोलाले दोन गोष्टी एकदम नको भेटाले.”

वडनेर भोलजीचा रस्ता कापसाच्या गाड्यांनी खणून काढलेला. प्रत्येक गचक्याला शालू पुढे वाकून रस्ता पाहत होती.

“पट्टा घट्ट होता ना जी?”

“तुमीच बांधला होता.”

“नवार जुनी तं नव्हती?”

“नवी होती. मी सोता लोंबकळून पाह्यलं होतं तिले.”

दुसऱ्या कुठल्या वेळी शालू हसली असती. आता तिने फक्त दमणीची कड घट्ट धरली. “मीच तोंड झाकलं त्याचं,” ती म्हणाली.

“अन् मीच तुमाले बोलत ठेवलं,” अर्जुन बैलांकडे पाहत म्हणाला. “बोललो तं काहीच नाई.”

नाल्याच्या उतारावर त्यांना पहिल्यांदा कांदे दिसले. रस्ताभर कांदे. मग मिठाची पिशवी, फुटलेली. शालूने डोळे मिटून घेतले आणि सुभद्राबाईने तिचा हात धरला.

“उघड वं डोये,” थोड्या वेळाने सुभद्राबाई म्हणाली. “पाय तं खरं.”

नाल्यापलीकडे निंबाखाली एक बैलगाडी सोडलेली होती. बुंध्याशी अंबूबाई मांडी घालून बसली होती आणि तिच्या मांडीवर उकंडा होता. गाडीवानाच्या शिदोरीतल्या गुळाने माखलेला. त्यावर माती, मातीवर बैलाचे केस, एका हातात चोखलेला कांदा. मावशी दिसताच त्याने सवयीने दोन्ही हात धुवायला पुढे केले.

शालू दमणीतून कशी उतरली ते तिलाही कळलं नाही. तिने त्याला उराशी धरलं आणि त्या घाणेरड्या तोंडाचे मुके घेत सुटली. पुसायचं तिला सुचलंच नाही. ती रडत होती, हसत होती, आणि उकंडा तिच्या नाकाला गूळ लावत होता.

“मले वाटलं, डाळच रडून राह्यली,” अंबूबाई सांगू लागली. “नाल्यात गाडी कलंडली बाई. माहे कांदे गेले, मीठ गेलं. खोकंबी आडवं झालं. हे पोट्टं मात्र पट्ट्यात तसंच अडकून. रड्डं नाई, तोवर मले पत्ताच नाई. कोनं बांधलं व इतकं पक्कं?”

अर्जुन खोक्याजवळ उभा होता. नवारीवर हात फिरवत होता आणि तिची गाठ पुन्हा पुन्हा ओढून पाहत होता. इतका वेळ हा माणूसही तेवढाच भ्यालेला होता, हे शालूला तेव्हा दिसलं. तिला तो त्या क्षणी फार आपला वाटला.

अंबूबाईला तिची डाळ आणि सांडलेला सगळा माल घरपोच पाठवायचं ठरलं. परतताना उकंडा शालूच्या मांडीवर पुन्हा झोपला, या वेळी तोंड उघडं टाकून. ऊन उतरलं होतं, बैल आपल्या चालीने चालले होते, आणि कुणालाच कसली घाई नव्हती.

“दुकानात तुमी काहीतरी बोलत होते,” शालू म्हणाली. “अर्धं राह्यलं.”

अर्जुनने काकूकडे पाहिलं. सुभद्राबाई कपाशीकडे पाहू लागली.

“दुसरबीडले जाऊ नका,” तो म्हणाला. “म्हंजे जा... पन माहीच होऊन जा. मले तुमी पाह्यजे. गाडी धुवाले सांगाले नाई. तशाच.”

शालूने उकंड्याच्या मुठीतला कांदा हळूच सोडवून घेतला. तिच्या नाकावरचा गूळ तसाच होता. अर्जुनचा जीव टांगणीला लागला.

“पहिले ते खोकं चाकाले ठोकून टाका,” ती शेवटी म्हणाली. “खिळे मारून, पक्कं. पुन्हा कोनी उचलून नेलं नाई पाह्यजे.”

“ठोकतो. अजून काही?”

“मंग बाबाले भेटा. परवा येऊन राह्यले.”

“देवा,” सुभद्राबाई कपाशीला उद्देशून म्हणाली, “एकदाचं झालं.” वामनराव आशाबाईच्या सासरच्या लांबच्या सोयऱ्यांतले. रामरावांपुढे विषय कसा काढायचा, हे तिने पहिल्या दह्याच्या वाटीपासून ठरवून ठेवलं होतं.

आशाबाईला शालूने सगळं सांगितलं, काही न लपवता. आशाबाईने पोराला ओढून घेतलं, खूप रडली, आणि मग काजळाचा ठिपका जरा मोठा लावला. रागावली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालू उकंड्याचे हात धूत होती. बाजाराकडून, वामनरावांच्या दुकानाच्या बाजूने, ठोकण्याचा आवाज येऊ लागला. ठक, ठक, ठक. थांबे, पुन्हा सुरू होई.

“किती ठोकून राह्यला वं इतक्या सकाळी?” आशाबाईने आतून विचारलं. “एका खोक्याले लागतात तरी किती खिळे?”

“मारू दे,” शालू म्हणाली. “माह्यासाठी मारून राह्यला थो.”