हिरवी रेघ

बाजाराचा दिवस. मोताळ्यातल्या एका खासगी दवाखान्याचा बाक भरलेला. समुपदेशक प्राचीने दार उघडून "पुढचे या" म्हटलं, तर आत आला एक तरुण… पँटवर चिखलाचे शिंतोडे, हातात हेल्मेट. तिने मान खाली घालून नेहमीचे प्रश्न सुरू केले.

"झोप लागते?"

"कमीच."

"कोणाशी बोलावंसं वाटते?"

त्याने हेल्मेट मांडीवर ठेवलं. "आतापर्यंत नव्हतं वाटत."

तिने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. "नाव?"

"हर्षल. खामगावहून आलो. तुमच्यावर देखरेख करायले."

प्राचीचे कान तापले. "मंग आधी काऊन नाही सांगितलं, सर?"

"तुम्ही विचारून राह्यल्या होत्या… बरं वाटत होतं."

सरकारी आरोग्य विम्याचा नियम साधा होता. समुपदेशकाच्या कामाचे पैसे विमा देई ते नोंदणीकृत मानसतज्ज्ञाची देखरेख असेल तरच. प्राचीची समाजकार्याची पदवी त्याला पुरत नव्हती, हर्षलची पुरत होती. त्याची सही नसली की पेशंटला फी भरावी लागणार, म्हणजे पेशंट येणंच बंद.

दर आठवड्याला तो तिच्या नोंदी वाचायचा आणि चुकीच्या शब्दाखाली हिरव्या शाईने रेघ मारायचा. 'बाई रागीट आहे.' — रेघ. समासात लिहायचा, 'रागीट नाही, घाबरलेली.' आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर असायचं. मग समासात दुसरंच काही येऊ लागलं. 'जेवल्या का?' 'निळा रंग शोभतो.' त्याखाली ती पेन्सिलने लिही, 'हे नोंदीत बसत नाही, सर.' आणि घरी जाईपर्यंत हसत राही.

मुलगा गेल्यापासून मुकी झालेली झुंबरबाई प्राचीकडे येऊ लागल्यावर सात महिन्यांनी पहिल्यांदा बोलली, तेही हर्षलबद्दलच. "तो सहीवाला तुह्याकडं लय पाह्यते वं."

दिवाळीनंतर बस स्टँडवर, चहाचा कप हातात फिरवत हर्षल म्हणाला, "प्राची, जन्मभर देखरेख करू का?"

"हाव," ती म्हणाली, "पण रेघा मी मारीन."

त्याच आठवड्यात योजनेचा नवा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता : 'पर्यवेक्षकाशी नाते'. खाली बारीक अक्षरात — नातेवाइकाची देखरेख ग्राह्य धरली जाणार नाही. लग्न ठरलेलंही त्यात आलं.

वाट होती. संघर्ष नावाचा हर्षलचा एक मित्र त्याच्याच शिक्षणाचा, साखरखेर्ड्याच्या दवाखान्यात सही करायचा. तो मोताळ्याला यायला तयार होता, बदल्यात हर्षलने साखरखेर्ड्याला जावं एवढंच.

"तिकडं जायचं म्हणजे पुरा दिवस जाते," हर्षल म्हणाला. "त्यापेक्षा तूच सोड ना. खामगावच्या शाळेत लावून देतो तुले."

"अन् झुंबरबाई?"

"येईल कोणी दुसरी."

"तिले बोलायले सात महिने लागले, हर्षल."

"तू… पेशंटसाठी मले सोडशील?"

"तुम्ही आठवड्यातला एक दिवस सोडत नाही आहात."

तो हसला. चांगलं हसायचा तो. "पाहतो," म्हणाला.

फॉर्म पाठवायच्या दिवसापर्यंत त्याचं पाहणं चाललंच होतं. शेवटी प्राचीने नात्याच्या रकान्यात लिहिलं : नाही. फॉर्म त्याच्यापुढे सरकवला आणि समोर बसून राहिली. हा माणूस कोणताही चुकीचा शब्द सोडत नाही, हे तिला ठाऊक होतं. या एका शब्दाखाली त्याने रेघ मारावी, मग साखरखेर्डं कितीही लांब असो…

त्याने वरून वाचायला सुरुवात केली. तिच्या पदवीचं साल तपासलं. स्वतःच्या नोंदणी क्रमांकात एक आकडा चुकला होता, तो हिरव्या शाईने दुरुस्त केला. त्या रकान्यावर पेन थांबलं.

पेन रेघ न मारताच खाली सरकलं. 'देखरेखीखाली', आणि पुढे नेहमीची झोकदार सही.

"प्राची… झोप लागते ना?" टोपण लावता लावता त्याने विचारलं.

"पुढच्या पेशंटले आत पाठवा, सर."

झुंबरबाई येऊन बसली. दाराकडे पाहत म्हणाली, "काई बोलला का वं तो?"

"नाही बाई," प्राचीने कोरा कागद पुढे ओढला. "त्याले सहीच करता येते."