भीमसेनराव वकिलांची हॅट

लाईट गेली तर गेली, शिव्या घालून ती काही परत येत नाही. उमेश, मोबाईलचा तो दिवा बंद कर बघू, डोळ्यांत जातोय. आणि योगिता, मघापासून "काका, गोष्ट सांगा, गोष्ट सांगा" करून डोकं खाल्लंस ना माझं? मग आता मध्ये खुसखुसायचं नाही. कारण ही गोष्ट नव्हेच. आपल्या देशपांडे नगरातल्या श्रीहरीच्या घरी घडलेलं आहे हे. हो, तोच श्रीहरी मास्तर, डोक्यावर हॅट घालून स्कूटर चालवतो तो. छट्टी अमावास्येची, म्हणजे दिवाळीच्या पुढच्या अमावास्येची रात्र होती, गुरुवार.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर श्रीहरी कमरीपेठेत निघाला. काम साधंच. सोनाबाई बोहारणीकडून एक जुनी हॅट आणायची होती.

एका हॅटसाठी माणूस एवढा जीव का टाकत होता, ते आधी ऐका. त्याचे वडील भीमसेनराव, वकील. अंगात काळा कोट आणि डोक्यावर तपकिरी फेल्ट हॅट, दाबलेल्या लोकरीची, साहेबाच्या अमदानीतली. कोर्टात जायचं असो की कोथिंबीर आणायला, हॅट डोक्यावर चढल्याशिवाय या माणसानं उंबरा ओलांडला नाही. एकदा स्वयंपाकघरात धूर झाला, सगळे बाहेर पळाले, आणि हे आत हॅट शोधतायत! स्वभाव असा तिखट की विचारू नका. मनासारखं झालं नाही की बोलायचे नाहीत, नुसतं जिभेनं "च्च" करायचे. त्या एका "च्च"नं घर गपगार व्हायचं.

तीन वर्षांपूर्वी ते गेले. जाताना म्हणाले, "माझी हॅट घाला मला." आता तिरडीवर हॅट? भटजी बघतायत, पाहुणे बघतायत. श्रीहरीला लाज वाटली, नाही घातली. पुढं तेरावं झाल्यावर आवराआवरीत जुन्या कपड्यांबरोबर ती हॅट त्यानंच या सोनाबाईला देऊन टाकली. बदल्यात स्टीलचा एक डबा आला.

आणि त्या दिवसापासून त्याच्या आईची, शकुंतलाबाईंची, झोप उडाली.

"श्रीहरी, ते रोज रात्री उठतात रे," म्हातारी सांगायची. "दारापर्यंत जातात, हॅट शोधतात, परत येऊन माझ्या पायथ्याशी बसतात. बोडक्यानं कसे जातील ते?"

आधी सगळ्यांना वाटलं, वयाचं आहे. पण म्हातारी खंगत चालली. गोळ्या झाल्या, काढे झाले, अंगारे झाले. शेवटी डॉक्टर श्रीहरीला बाहेर नेऊन म्हणाले, "मास्तर, यांना झोप लागली नाही तर या फार दिवस काढणार नाहीत." बस्स. आईला झोप लागली पाहिजे, एवढं एकच वेड घेऊन हा हॅट शोधत सुटला.

दाजीबानपेठ पालथी घातली. बेळगाव केलं, गोवा केलं. कुठं जुनी फेल्ट हॅट दिसली की हा ती आणायचा आणि आईच्या मांडीवर ठेवायचा. तिला दिसत नव्हतं फारसं, ती बोटांनी चाचपायची. मग म्हणायची, "ही नव्हे."

"अगं, रंग तोच, काठ तोच, फीतसुद्धा तीच!"

"ही नव्हे."

दर वेळी हेच. श्रीहरी वैतागून जायचा, पण आईवर ओरडणार कसा? आणि मजा बघा, शोधता शोधता याला त्या हॅटांचाच नाद लागला. ब्रशनं झाडायच्या, वाफ द्यायची, काठ सरळ करायचे. स्वतःच्या डोक्याच्या मापाचं एक कलबूतसुद्धा करून घेतलं यानं. कलबूत म्हणजे लाकडाचं डोकंच म्हणा. वाफ दिलेली हॅट त्यावर ओढून बसवली की तोच आकार धरते. मग एकेक हॅट घालून हा शाळेत. बायको, दीपश्री, कपाळाला हात लावायची. "घरात डोकी तीन आणि टोप्या तीस! उद्या मला बाहेर काढाल आणि ह्यांना पाट मांडाल."

सोनाबाईकडं तर त्यानं इतके हेलपाटे घातले होते, की ती त्याला बघून दार लोटून घ्यायची. पण त्या गुरुवारी तिनंच निरोप धाडला.

"घ्या अण्णा, आता माझी पाठ सोडा," म्हणत तिनं पिशवी पुढं केली. "लेकीकडं गेल्ते, अळणावरला. तिथं शेतात बुजगावण्याच्या डोक्यावर घावली."

"बुजगावण्याच्या? अय्यो देवरे! तीन पावसाळे?"

"मग? जावई म्हनला, पाखरं लई भितात हिला. भितील न्हाई तर काय, वकीलसायबाला मानसं भित हुती!"

हॅट कसली ती! चिखलानं बरबटलेली, उन्हापावसानं आकसलेली, काठ भाजलेल्या पापडासारखा वाकडातिकडा. श्रीहरीनं घरी येऊन ती आईच्या मांडीवर ठेवली. म्हातारीनं बोटं फिरवली. नाकाशी धरली. मग तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

"हीच," ती म्हणाली. "खुंटीवर टांग आता. आहे अशी. हात लावू नकोस हिला."

"अगं, चिखल केवढा आहे."

"असू दे. त्यांचं डोकं आहे हिच्यात."

आता शहाण्या माणसानं काय करावं? हॅट टांगावी आणि झोपावं. पण याला नाद लागलेला ना! खाजवून खरूज काढायची आपल्याला हौसच असते. अप्पांची, म्हणजे वडिलांची, हॅट अशी घाणेरडी लटकलेली याला बघवेना. सगळे झोपल्यावर हा स्वयंपाकघरात गेला. पातेल्यात पाणी उकळलं, वाफ दिली, ब्रशनं चिखल काढला, आणि हाताच्या सवयीनं हॅट खेचून कलबुतावर बसवली.

वाळल्यावर उतरवली तेव्हा अशी झकास दिसत होती की बघत राहावं. आरशासमोर उभं राहून त्यानं ती डोक्यावर ठेवली. चपखल बसली.

आणि तिथंच त्यानं ती झटकन काढली.

अप्पांचं डोकं नारळाएवढं. याचं आजोळच्या वळणावर गेलेलं, ही एवढी घागर! आजवर अप्पांची हॅट त्याला कधी बसली नव्हती.

त्यानं पुन्हा पाणी उकळलं. पुन्हा वाफ दिली. हातानं दाबली, फडक्यानं आवळून बांधली, पंख्याखाली धरली. सोडली की ती पुन्हा तेवढीच. बोटं पोळली, पण लोकर काही ऐकेना. तीन वर्षं शोधलेली वस्तू आपण एका रात्रीत घालवली, म्हणून त्याला स्वतःचा इतका राग आला, इतका राग आला, की कलबूत उचलून मोरीत फेकलं. शेवटी हॅट खुंटीवर अडकवली आणि दिवाणखान्यातल्या सोफ्यावर जाऊन पडला. रडायलाही येईना.

दोन वाजून गेले असतील.

आईच्या खोलीचं दार करकरलं. त्याला वाटलं, आई पाण्याला उठली. पण काठी वाजली नाही.

पावलं वाजली. अनवाणी. सावकाश. खुंटीपाशी येऊन थांबली.

मग काहीच नाही...

रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडद्यातून आत येत होता. त्या उजेडात खुंटीवरून हॅट उचलली गेली. धरणारं कुणी नव्हतं. ती वर गेली. माणसाच्या उंचीवर थांबली. आणि घसरली... जिथं नाक असतं तिथपर्यंत.

"च्च."

हॅट पुन्हा वर गेली. पुन्हा घसरली.

"च्च."

श्रीहरीला उठायचं होतं. उठवेना. हाक मारायची होती. जीभ टाळ्याला चिकटलेली.

हॅट वळली. त्याच्याकडं.

एक पाऊल. अजून एक. सोफ्यापाशी आली. वाकली...

त्याच्या कपाळावर बोटं टेकली. गार. विहिरीतल्या दगडासारखी गार. कपाळावरून कानापर्यंत गेली. कानावरून मागं. मागून दुसऱ्या कानाकडं. न घाई, न गडबड. माप घेत होती ती बोटं.

आणि थांबली.

कळलं त्यांना. हॅट कुणाच्या डोक्याची झालीय, ते कळलं.

"अप्पा..." ओठ हलले, आवाज फुटला नाही. "अप्पा, चुकलो..."

किती वेळ गेला, त्यालाच माहीत नाही. बोटं उचलली गेली. काहीतरी टरकावल्याचा आवाज झाला. बारीक, लांब. मग बाहेरच्या दाराची कडी निघाली. गार वारा आत आला. दार लागलं.

तो कान देऊन पडला होता. पावलं परत येतील... आता येतील...

नाही आली.

सकाळी दीपश्रीनं गदागदा हलवलं तेव्हा तो भानावर आला. खुंटी रिकामी होती. दाराची कडी आतून घातलेली होती. आणि आईच्या खोलीतून आवाज येत होता. घोरण्याचा! दोघं नवराबायको दारात उभी राहून ते घोरणं ऐकत राहिली. दीपश्रीच्या डोळ्यांना धार लागली.

ऊन वर आल्यावर म्हातारी उठली. चेहरा कसा निवलेला.

"गेले रे," ती म्हणाली. "चिडचिड करत गेले. पोरानं सैल करून ठेवली, म्हणाले."

श्रीहरीला तोंड वर करवेना. "सैल, तरी नेली?"

"न नेऊन काय करतील? कागदाची पट्टी घातली आतनं, कातडी पट्ट्याच्या मागं. हॅट सैल झाली की सगळे तसंच करायचे आमच्या वेळी. पेपर फाडायचा, घडी करायची, आत सरकवायची."

"आई, स्वप्न पडलं तुला. घरात पेपरच नाही. सगळी रद्दी काल दुपारी दिली हिनं."

"मला काय विचारतोस? फाडताना मी ऐकलं," म्हातारी म्हणाली आणि चहा मागून घेतला.

तेवढ्यात व्हरांड्यात त्या दिवसाचा पेपर येऊन पडला. नेहमीसारखा, गुंडाळून रबर लावलेला. श्रीहरीनं तो उचलला, रबर काढलं आणि आईशेजारी बसून उघडला. कोरा करकरीत, शाईचा वास येत होता. आतल्या तिसऱ्या पानाची कड मात्र वरपासून खालपर्यंत, दोन बोटं रुंद, नखानं रेघ ओढून फाडावी तशी सरळ फाडून नेलेली होती.